उरलेली शिवण

गच्चीवरच्या जास्वंदीने कुंडी फोडली. आवाज वगैरे काही झाला नाही. सकाळी पाणी घालायला गेले तर कुंडीच्या पोटावर वरपासून खालपर्यंत एक चीर, आणि चिरेतून पांढुरकी मुळं बाहेर डोकावत होती. मोठी कुंडी कधीची आणून ठेवली होती, फक्त आळस आड येत होता. वर्तमानपत्र पसरलं, खापऱ्या सोडवल्या आणि मातीचा गोळा दोन्ही हातांनी उचलला. मुळांनी माती इतकी घट्ट धरली होती की कुंडी गेली तरी आकार कुंडीचाच राहिला होता. कडेची माती मोकळी करताना बोटाला काहीतरी अडकलं. मुळी असेल म्हणून ओढलं, तर तुटेना. उजेडात धरून पाहिलं तर दोरा. निळा, एकसारख्या टाक्यांचा, मशीनच्या शिवणीचा दोरा. ओढत गेले तसा तो वळला, एक गोल घेतला, पुन्हा वळला. मग एक बटण आलं.

मग आठवलं.

तीन वर्षांपूर्वी घर बदललं तेव्हा हे झाड जमिनीतून काढून आणलं होतं. मुळांभोवतीची माती सुटू नये म्हणून काहीतरी गुंडाळायला हवं होतं आणि हाताशी बाबांचा जुना शर्ट आला. फिकट निळा, निव्वळ सुती, कोपरांवर विरलेला. बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. शर्ट हातात घेऊन मी दारात उभी राहिले, तेव्हा आईच म्हणाली, ‘अगं, बांध त्यातच. सुती आहे, कुजून जाईल.’ इथे आल्यावर गाठ न सोडता झाड तसंच कुंडीत बसवलं, वरून माती लोटली, आणि विसरले. सोयीने विसरले म्हणणं जास्त खरं होईल.

आता वर्तमानपत्रावर एकेक वस्तू जमत गेली. दोन बाह्यांच्या शिवणी. खांद्यावरून खाली येणारी एक लांब रेघ. काजांभोवतीचे घट्ट टाके, आत भोक धरून बसलेले. मानेमागची छोटी चिठ्ठी, अक्षरं गेलेली. कॉलरच्या आतलं ताठ अस्तर. पाच बटणं. सगळं साधारण आपापल्या जागी मांडलं तर शर्टाचा आराखडा तयार झाला, कुणीतरी पेन्सिलीने काढून रंगवायचा ठेवल्यासारखा. कापडाचा मात्र टिचभर तुकडाही नव्हता. एका काजातून जास्वंदीचं मूळ आरपार गेलं होतं.

आई चहा घेऊन वर आली, बघत उभी राहिली. ‘यांचा ना तो?’

‘हो. तूच म्हणाली होतीस, कुजेल.’

‘मग कुजला की.’ खाली वाकून तिने बटणं तेवढी उचलली, पदराला पुसली आणि खाली निघून गेली.

तिचा तो ‘कुजला’ माझ्या डोक्यात चार दिवस फिरत राहिला. या क्रियापदात एक खोच आहे. दूध फाटतं, लोखंड गंजतं, कापड कुजतं. आपण बोलतो ते असं, जणू त्या वस्तूने आपलं आपण काहीतरी करून घेतलं. ‘कुजवणं’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो शेणखताच्या खड्ड्यापाशी वापरायचा, आणि तिथेही कुजवणारा माणूसच असतो. कुंडीत तर मी काहीच केलं नव्हतं. पाणी घातलं, तेवढंच. मग शर्ट कुजला हे ठीक, पण कुजवला कुणी?

पाण्याने नाही, हे नक्की. १९९८ साली रिचर्ड वुल्फेंडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला होता की साध्या तापमानाच्या पाण्यात, कुणाचीही मदत नसताना, सेल्युलोजमधले, म्हणजे कापसाच्या मूळ द्रव्यातले, निम्मे जोड आपोआप तुटायला सुमारे ५० लाख वर्षं लागतील. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो नुसता वाचला होता. शर्टाचा आराखडा समोर मांडलेला असताना त्याचा अर्थ वेगळाच लागला. आपोआप म्हणाल तर सुती शर्ट कुजतच नाही. माणसाची जात पृथ्वीवर आहे त्याच्या कितीतरी पट काळ तो ओला होऊन पडून राहील. माझ्या कुंडीत मात्र हे काम तीन वर्षांच्या आत, खरं तर पहिल्या काही महिन्यांतच उरकलं असणार.

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे मणी ओवलेली माळ. एकेका माळेत दहा हजारांच्या आसपास मणी. गंमत अशी की बाबा शर्टाला खळ करायचे. स्वतः करायचे, आईने केलेली त्यांना पसंत पडायची नाही. ती खळ म्हणजे स्टार्च, आणि स्टार्च म्हणजेही ग्लुकोजचेच मणी. शर्ट आणि त्याच्यावरची खळ, दोन्ही एकाच साखरेची. फरक फक्त जोडणीचा. स्टार्चमध्ये प्रत्येक मणी एकाच बाजूला कलून पुढच्याला धरतो, त्यामुळे माळ गोल गोल वळत जाते, पोकळ आणि सैल राहते. सेल्युलोजमध्ये दर दुसरा मणी पालथा बसतो. माळ सरळ आणि चपटी होते, शेजारच्या माळेला अंगभर चिकटते, अशा माळांची मोळी होते, आणि त्या मोळीत पाण्यालाही शिरायला फट उरत नाही. खळ आपल्या लाळेतल्या एन्झाइमनेसुद्धा, म्हणजे असे जोड तोडणाऱ्या प्रथिनानेसुद्धा, विरघळली असती. शर्ट चघळत बसलं तर दात झिजतील, गोडवा येणार नाही.

या दोन्ही गोष्टींशी एकाच माणसाचं नाव जोडलेलं आहे, हे मला फार आवडतं. आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८३३ साली पर्सो या सहकाऱ्याबरोबर मोड आलेल्या सातूतून स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा काढला. ओळखला गेलेला तो पहिला एन्झाइम. पाच वर्षांनी याच पायेनने वनस्पतींच्या पेशींच्या भिंतींतून सेल्युलोज वेगळा केला. म्हणजे कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याच्या टेबलावर आली, पण ती किल्ली दुसऱ्याच कुलपाची होती. खऱ्या किल्ल्या त्याच्या बागेतल्या मातीत असणार.

कॉलेजात असताना हे सगळं मी एका कागदाच्या पट्टीवर पाहिलं होतं. गाळणकागदाची १ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर लांब पट्टी, वजन ५० मिलिग्रॅम. ती गुंडाळून परीक्षानळीत घालायची, वर एन्झाइमचं द्रावण, नळी ५० अंशांच्या पाण्यात तासभर. ही पद्धत जगभर एकसारखी व्हावी म्हणून १९८७ साली नियमांत बांधली गेली आणि ते काम दिल्लीच्या आयआयटीतल्या तरुणकुमार घोष यांचं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा फक्त एवढं ठाऊक होतं की तासाने त्यात एक पिवळं रसायन घालून उकळायचं आणि पिवळ्याचा विटकरी रंग झाला तर साखर सुटली. माझ्या नळीचा रंग बदलला, मार्क मिळाले. लक्षात मात्र वेगळंच राहिलं. नळी हलवली तेव्हा मघाशी कडक असलेली पट्टी ढगासारखी भुरभुरली. बाईंनी विचारलं, ‘काय दिसतंय?’ मी म्हणाले, ‘कागद फाटला.’ त्या हसल्या. ‘फाटला नाही गं, उसवला.’

उसवला. तो शब्द तेव्हा कानाआड गेला होता.

जिवाणूची अडचण काय आहे, ते बघण्यासारखं आहे. त्याला तोंड नाही, दात नाहीत. समोर पडलेला धागा त्याच्याहून हजारो पट मोठा. धागा आत ओढून घेणं अशक्य, म्हणून जे काही करायचं ते अंगाबाहेर. एन्झाइम बाहेर सोडायचे, त्यांनी साखर सोडवायची, आणि ती शेजाऱ्याने उचलायच्या आत आपण उचलायची. शिवाय एन्झाइम फुकट होत नाही. ते प्रथिन आहे, शेकडो अमिनो आम्लं जोडून बनवलेलं. उपाशी जिवाणूसाठी ते म्हणजे घरातलं शेवटचं धान्य शेतात पेरण्यासारखं. म्हणून तो सतत एन्झाइम ओतत बसत नाही. आधी चाचपतो.

हे चाचपणं कसं चालतं ते क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम नावाच्या जिवाणूत बरंच उलगडलं आहे. (अलीकडे त्याचं बारसं पुन्हा होऊन तो ॲसिटिव्हिब्रिओ झाला. जिवाणूंची नावं बदलण्याचा शास्त्रज्ञांना नाद आहे. मी जुनंच धरून ठेवते.) हा साठ अंशांच्या उष्णतेत, हवा नसलेल्या जागी राहणारा, त्यामुळे माझ्या कुंडीत तो असण्याची शक्यता नाही. त्याच्या आवरणातून काही प्रथिनं आरपार गेलेली असतात. बाहेरच्या टोकाला एक हात, जो विशिष्ट प्रकारच्या तंतूलाच चिकटतो: कुणाचा सेल्युलोजला, कुणाचा झायलनला, कुणाचा पेक्टिनला, म्हणजे वनस्पतींच्या भिंतींतल्याच इतर साखरमाळांना. आतल्या टोकाने त्याने एक छोटं प्रथिन पकडून ठेवलेलं असतं. बाहेर ओळखीचा तंतू हाताला लागला की आतली पकड सैल होते, ते छोटं प्रथिन सुटतं आणि ज्या जनुकांची आत्ता गरज आहे तिथे जाऊन वाचन सुरू करून देतं. २०१०च्या सुमारास हे समजलं. तोवर लोकांना वाटायचं की आधी थोडी साखर आत यावी लागते, मग जिवाणूला बाहेरचं कळतं. हा तर गिळायच्या आधीच, नुसत्या स्पर्शावर कापड ओळखतो. कपड्यांच्या दुकानात बाबा तसंच करायचे. अंगठा आणि तर्जनीत कापडाचं टोक धरायचं, हलकेच चोळायचं आणि दुकानदाराने तोंड उघडायच्या आत सांगायचं, यात मिसळ आहे.

याच जिवाणूच्या अंगावर १९८३ साली एडवर्ड बायर आणि राफाएल लामेद यांना एक विलक्षण गोष्ट सापडली. ते शोधत होते वेगळंच. हा जिवाणू सेल्युलोजला इतका घट्ट का चिकटतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. न चिकटणारा एक बिघडलेला वाण मिळाला, त्याच्यात काय कमी आहे ते तपासलं, आणि जो डिंक मिळेल असं वाटत होतं त्याच्या जागी निघाला अख्खा कारखाना. एक लांब प्रथिन, त्यावर ओळीने नऊ खाचा. प्रत्येक एन्झाइमला शेपटीसारखी एक खुंटी, ती खाचेत बसते, कॅल्शियमच्या साथीने, आणि अशी बसते की दोन प्रथिनांमधल्या ज्या सगळ्यात घट्ट पकडी माहीत आहेत त्यांत तिची गणना होते. मधल्या दांड्याला आणखी एक हात, तो सेल्युलोजला धरून ठेवणारा. माळ मधेच कापणारा, टोकापासून सोलत जाणारा, आडव्या येणाऱ्या इतर साखरा बाजूला करणारा, असे सगळे कारागीर एकाच फळीवर खांद्याला खांदा लावून. त्याला सेल्युलोसोम म्हणतात. खाचा नऊ, पण खुंटी असलेली प्रथिनं जिवाणूच्या जनुकांत सत्तरहून जास्त. म्हणजे बसायला जागा नऊ आणि उमेदवार सत्तर! कोण बसणार ते समोर काय वाढलं आहे यावर ठरतं. शुद्ध सेल्युलोज असेल तर एक संच, गवताच्या काडीसारखा मिश्र माल असेल तर दुसरा. जिवाणू तोच आणि जनुकंही तीच, बदलते ती फळीवरची मांडणी.

सगळे असे फळी बांधून येत नाहीत. १९१९ साली हचिन्सन आणि क्लेटन यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या मातीतून सायटोफागा हा जिवाणू शोधला. तो एन्झाइम पाण्यात सोडून देत नाही की कारखानाही बांधत नाही. धाग्यावर अंगभर आडवा पडतो आणि सरपटतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे जिवाणू धाग्याच्या लांबीला समांतर, एकाच दिशेने रांगेत लागलेले दिसतात. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीपोटातला फायब्रोबॅक्टरही धाग्याला चिकटून राहतो आणि चिकटला तिथे चर पडत जातो. कामचात्काच्या गरम झऱ्यांतल्या एका जिवाणूचा सेलए नावाचा एन्झाइम तर दोन पाती एका दांड्याला लावल्यासारखा आहे. २०१३ साली दिसलं की तो सेल्युलोजच्या पृष्ठभागावर नुसता सरकत नाही, खड्डे खणत खाली जातो. माझ्या कुंडीत यांतलं कोण होतं, मला सांगता येणार नाही. बुरशी असणार, तिला धागे आवडतात. स्ट्रेप्टोमायसिस हे मातीतले जिवाणू तर हमखास. माती मोकळी केल्यावर जो वास आला, पहिल्या पावसाचा, तो त्यांच्याच जातीचा उद्योग आहे, आणि त्यांच्यातले कित्येक सेल्युलोज खातात. शर्टाला बाबांचा म्हणून जो वास होता, घामाचा आणि इस्त्रीचा, तो आठ महिन्यांतच गेला होता. त्याजागी आता हा.

बुरशीचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू, पट्टे, गणवेश भराभर कुजायला लागले. शत्रूच्या गोळीपेक्षा ओलाव्यात वाढणारी बुरशी जास्त कपडे खात होती. सैन्याने संशोधक बसवले. त्यांतल्या एल्विन रीज यांनी आयुष्य या कामात घातलं, आणि तंबूच्या कापडावर सापडलेल्या त्या बुरशीला पुढे त्यांचंच नाव मिळालं, ट्रायकोडर्मा रीसाय. लढाईतला शत्रू नंतर औद्योगिक एन्झाइमांचा सगळ्यात भरवशाचा पुरवठादार झाला. रीज यांना एक गोष्ट खटकत होती. काही जंतू पाण्यात विरघळवलेला, सैल केलेला सेल्युलोज आरामात फोडत, पण कापसाच्या बोळ्यापुढे हात टेकत. १९५० साली त्यांनी मांडलं की घट्ट मोळी कापण्याआधी ती सैल करणारं आणखी काहीतरी असलं पाहिजे. त्याला त्यांनी नुसतं ‘सी-वन’ म्हटलं, कारण ते काय आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. नाव ठेवून जागा राखून ठेवली, पंगतीत उशिरा येणाऱ्यासाठी पान मांडून ठेवावं तशी.

पाहुणा साठ वर्षांनी आला. २०१०मध्ये नॉर्वेतल्या गटाला सेराशिया नावाच्या जिवाणूत एक छोटं प्रथिन सापडलं, जे नुसतं चिकटतं असाच समज होता. ते काम करत होतं कायटिनवर, म्हणजे कीटकांच्या कवचाच्या द्रव्यावर, पण वर्षभरात स्ट्रेप्टोमायसिसमधला त्याचा भाऊबंद सेल्युलोजवर तेच करताना सापडला. बाकीचे एन्झाइम मोळीतली एक माळ आपल्या खोबणीत ओढून मग कापतात. घट्ट मोळीतून माळ सुटतच नाही, तिथे ते अडतात. या प्रथिनाला खोबण नाही. त्याचा पृष्ठभाग सपाट, त्यावर तांब्याचा एक अणू. तो मोळीवर पालथा बसतो आणि ऑक्सिजनच्या मदतीने जागच्या जागी माळ तोडतो. तुटल्या जागी मोळी उलते, मग बाकीचे आत शिरतात. शिंपी जुनी शिवण उसवताना आधी ब्लेडच्या कोपऱ्याने एक टाका कापतो, नंतर बोटं घालतो, तसंच काहीसं.

हे सगळे जण ही कारागिरी शिकले कुठे? शिकले हा शब्दही फसवा आहे, मला माहीत आहे. पण यांची एन्झाइमं पाहिली की ती सुटे भाग जोडून केल्यासारखी दिसतात. कापणारा भाग, चिकटणारा हात, मधला लवचीक दोरा. जनुकाची नक्कल होते, एक प्रत जुनं काम करत राहते, दुसरीत चुका साठतात, एखादी चूक उपयोगी पडते, कधी एका जनुकाचा हात दुसऱ्याच्या पात्याला जोडला जातो. आणि पुष्कळदा तर सरळ उसनवारी. समुद्री शेवाळावर राहणाऱ्या झोबेलिया या जिवाणूत त्या शेवाळाची साखर फोडणारा एन्झाइम सापडला. २०१० साली फ्रान्समधल्या रोस्कॉफच्या संशोधकांना तीच जनुकं जपानी माणसांच्या आतड्यातल्या जिवाणूंतही दिसली. शेवाळ खाता खाता त्याच्या अंगावरचे जिवाणू पोटात गेले, आणि पोटातल्यांनी त्यांच्याकडून हत्यार मागून घेतलं. परत मात्र केलं नाही.

आपल्या स्वतःच्या जनुकांत पिष्टमय आणि तंतुमय पदार्थ पचवणारी एन्झाइमं वीसही नाहीत. आतड्यातल्या बॅक्टेरॉइडीस थीटायोटामायक्रॉन या एकट्या भाडेकरूकडे साखरांचे जोड तोडणारी अडीचशेहून जास्त. वनस्पतींच्या भिंतीत एक पेक्टिन आहे, एकवीस वेगवेगळ्या तऱ्हांनी जोडलेलं, निसर्गातल्या सगळ्यात गुंतागुंतीच्या साखरमाळांपैकी एक. २०१७ साली दिसलं की हा भाडेकरू त्यातले एक सोडून सगळे जोड सोडवतो. भाजी चिरताना मला हे अधूनमधून आठवतं आणि जरा ओशाळायला होतं. आपण जेवतो म्हणतो, पण जेवणाचा हा भाग आपण नुसता पोचवतो. त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांवर आपल्या आतड्याच्या पेशी जगतात.

मार्च २०२४मध्ये आलेल्या एका अभ्यासाने मात्र मला नुसतं ओशाळवलं नाही, अस्वस्थ केलं. इस्रायलमधल्या इत्झाक मिझराही यांच्या गटाला माणसांच्या आतड्यात रुमिनोकॉकस या जिवाणूच्या अशा जाती सापडल्या, ज्या जनावरांच्या पोटातल्या भावंडांसारखेच सेल्युलोसोम बांधतात. त्यांतल्या एकीने, होमिनिसिएन्स तिचं नाव, मका, भात आणि गहू यांच्या तंतूंना लागणारी जनुकं मिळवलेली आहेत. माणूस शेती करायला लागला, त्याचं ताट बदललं, आणि आतल्या फळीवरची मांडणीही बदलली, असं त्यातून दिसतं. या जाती हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या वाळलेल्या विष्ठेत मुबलक आहेत, आजच्या शिकारी आणि ग्रामीण समाजांत बऱ्यापैकी आहेत, आणि औद्योगिक शहरांतल्या माणसांत शंभरात पाच जणांतही सापडत नाहीत. कामच आलं नाही तर कारागीर किती काळ दुकान उघडं ठेवणार? मी स्वतःच्या पोटावर हात ठेवून बघितला, वेड्यासारखा. आत कोण उरलंय हे हाताला कळत नाही.

वर्तमानपत्रावरची शिवण तोवर गच्चीवरच पडून होती. चौथ्या दिवशी वारा सुटला, कागद उडाला, आराखडा मोडला, आणि उरला एक निळा गुंता. तो सोडवत बसले. कापड सुती होतं, पण दोरा पॉलिएस्टरचा, म्हणून उरला. बाबांची बोटं इथे फसली असती. शर्टात मिसळ नव्हती, शिवणीत होती. कुंडीतल्या त्या असंख्य हातांनी या दोऱ्यालाही चाचपलं असणार. हाताला काही ओळखीचं लागलं नाही, आत काही सुटलं नाही, ते पुढे गेले.

पूर्ण अनोळखी मात्र तो नाही. पानांवर जो मेणचट थर असतो, पाण्याचा थेंब घरंगळवणारा, त्यातलं क्युटिन हे एका अर्थी वनस्पतीचं पॉलिएस्टरच. जोड त्याच जातीचा. ते फोडणारी एन्झाइमं मातीत फार जुनी आहेत. २०१२ साली जपानमध्ये पानाफांद्यांच्या खतातून असंच एक मिळालं आणि ते बाटल्यांचं प्लास्टिकही, म्हणजे दोऱ्यातलंच पॉलिएस्टर, कुरतडतं असं दिसलं. २०१६मध्ये तिथेच, बाटल्यांवर प्रक्रिया होते अशा ठिकाणी, आयडिओनेला साकायएन्सिस हा जिवाणू सापडला, जो त्या प्लास्टिकवर जगतो. त्याच्या एन्झाइमचा चेहरा पान फोडणाऱ्यांच्या घराण्यातला आहे. खतातल्या त्या पहिल्या एन्झाइमला माणसांनी थोडं घडवलं, आणि २०२०मध्ये त्याने ७२ अंशांच्या उष्णतेत १० तासांत ९० टक्के प्लास्टिक सुटं केलं. ते आधी दळून मऊ केलेलं होतं, हे सांगायला हवं. शिवणीचा दोरा ताणून ताणून घट्ट केलेला असतो, कापसाच्या मोळीसारखाच, आणि गच्चीवर ७२ अंश काही होत नाहीत. पॉलिएस्टर कापड बाजारात येऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. सेल्युलोज फोडायला यांना किती कोटी वर्षं मिळाली होती, ते बघता ही सुरुवात म्हणजे दुकानात उभं राहून कापडाचं टोक चोळणं.

नव्या कुंडीत तळाला खापऱ्या घातल्या, जुनी माती, थोडी नवी माती. जास्वंद मध्ये धरून उभी केली. निळा गुंता हातात होता. कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले आणि परत आले. शहाणपणाचं नव्हतं, तरी मुळांच्या बाजूला तो ठेवला आणि माती लोटली.

आई जिन्यात उभी होती. बटणं तिने डब्यात ठेवली होती, नंतर सांगितलं.

‘तो दोरा कशाला परत घातलास? तो काय कुजायचा नाही.’

‘राहू दे गं. बघू कुणाला जमतंय का.’

‘कुणाला?’

मी पाणी घालत होते. मातीने ते पटकन पिऊन टाकलं, कडेला दोन बुडबुडे आले, आणि पुन्हा तो वास सुटला.